नात्याचा रकाना

वीज नियामकांच्या कार्यालयात वीज जाऊन लिफ्टमध्ये अडकणं, याला नशीब म्हणावं की थट्टा, हे माझं अजून ठरलेलं नाही. तिसरा मजला खाली राहिला होता, चौथा यायचा होता आणि मध्येच दिवा गेला. आत मी होते आणि माझ्यासमोर कागदांचा एक उंच गठ्ठा होता. गठ्ठ्यामागे माणूस आहे हे मला त्याच्या शिंकेवरून कळलं.

"घाबरू नका," अंधारातून आवाज आला. "दहा मिनिटांत येते."

"मी कुठे घाबरलेय?" मी म्हटलं. खरं तर मी दाराची कड दोन्ही हातांनी धरून उभी होते. "पण तुमच्याच घरी ही तऱ्हा, तर आम्ही कोणाकडे बघायचं?"

तो हसला. फार मोठ्यानं नाही, पण त्या एवढ्याशा जागेत हसू दुसरीकडे जाणार कुठे... सगळं माझ्याच वाट्याला आलं. मग त्यानं गठ्ठा खाली ठेवला आणि म्हणाला, पाय दुखत असतील तर यावर बसा, सरकारी कागद आहेत, वजन सहन करायची सवय असते त्यांना. मी बसले. दिवा आला तेव्हा पाहिलं, चष्मा कपाळावर चढलेला, खिशावर शाईचा डाग आणि कान लालबुंद. मी बसले होते तो गठ्ठा लोकांनी पाठवलेल्या हरकतींचा होता.

त्या दिवशी तिथे जनसुनावणी होती. माझं काम शेअर दलालांच्या एका कचेरीत, वीज कंपन्यांच्या शेअरवर टिपणं लिहिण्याचं. आमच्या धंद्यात गंमत अशी, की नियामकांकडून एक कागद बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कंपनी माळ्यावर असते, दुसरी तळघरात. तेव्हाचा कागद मोठा होता. आजवर ज्याच्या तारा त्याचीच वीज होती. आता तारा कंपनीच्याच राहणार, पण त्यांवरून वीज कोणीही विकावी आणि गिऱ्हाइकानं हवी त्याची घ्यावी, असा विचार चालला होता. तसं झालं तर तारांच्या कंपनीची निम्मी गिऱ्हाइकं पळतील, असं बाजार म्हणत होता.

मला त्यात आणखी एक दुखणं होतं. माझे बाबा त्याच कंपनीत लाइनमन होते. छत्तीस वर्षं खांबांवर चढले, निवृत्तीला कंपनीनं शेअर दिले आणि त्यांतला एकही त्यांनी कधी विकला नाही. आयुष्य भाड्याच्या घरांत गेलं. ते शेअर विकून दोन खोल्यांचं स्वतःचं घर घ्यायचं, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवायचे. निवृत्त लाइनमन आणि शेअरधारक म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं हरकत लिहून माझ्याकडे दिली होती आणि बजावलं होतं, आत नेऊन दे, शिक्का मारून घे, नेहमीसारखं करू नकोस, तू विसरतेस.

मी पिशवीतून तो कागद काढला. त्यानं लिफ्टच्या दारात उभ्याउभ्या वाचला, गठ्ठ्यावर ठेवला, कोपऱ्यात एकशे सत्तेचाळीस हा आकडा घातला.

"याला मलाच उत्तर लिहावं लागेल," तो म्हणाला. "सगळ्या हरकतींना लिहावं लागतं. नियमांचा मसुदा मी करतो."

"म्हणजे तुम्ही मसुदा," मी म्हटलं. त्याला ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आमची कचेरी त्यांच्या इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात तो मला तिसऱ्याच दिवशी दिसला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि दुकानात एकच खुर्ची रिकामी होती, ती त्याच्या समोरची. मी बसले. देवानं खुर्ची दिली, तर आपण नाही म्हणणारे कोण?

दुसऱ्या चहाला मी सांगितलं, मी कुठे काम करते ते. त्याचा कप ओठांपाशी थांबला. खाली ठेवताना चहा बशीत सांडला. मला वाटलं, झालं, आता हा उठणार आणि पुन्हा म्हणून दिसणार नाही. तो उठला नाही. बराच वेळ बशीकडे बघून त्यानं एक अट घातली. आपल्या दोघांत विजेवर एक शब्द नाही. जो काढेल त्यानं चहाचे पैसे द्यायचे.

पहिल्या महिन्यात एकोणीस वेळा मी पैसे दिले. जीभच माझी तशी. त्यानं दोनदा दिले, आणि त्यातल्या एकदा तो फक्त दुकानदाराला "पंखा लावा" म्हणाला होता, ते मी भांडून गृहीत धरायला लावलं. विजेविना बोलायचं काय, ही सुरुवातीला मोठी पंचाईत होती. मग हळूहळू सगळंच निघालं. त्याच्या आईला त्याचा एकही शर्ट पसंत पडत नाही हे निघालं, मला पोहता येत नाही पण पाण्याकडे बघत बसायला आवडतं हेही निघालं. तुम्हीवरून तूवर कधी आलो, ते कळलं नाही. मी डावरी. एक दिवस बघते तर माझा कप समोर येताच त्यानं कपाचा कान धरून डावीकडे वळवला, आणि बोलत राहिला, काही केलंच नाही असा. त्या दिवसापासून रोज. चार वाजून पंधरा मिनिटं, बाजार बंद, चहा, आणि कपाचा कान माझ्या हाताकडे. मी कामाला लागल्यापासून बाजार बंद व्हायची एवढी वाट कधी पाहिली नव्हती.

"मसुदा अंतिम कधी होणार?" मी एकदा विचारलं. विजेबद्दल नव्हतं ते. त्यालाही कळलं.

"सूचना आल्याशिवाय होत नाही."

"कोणाच्या सूचना?"

"ज्यांच्यासाठी मसुदा आहे, त्यांच्या..." आणि बशीकडे बघत बसला. कान पुन्हा लाल. असा माणूस! नियम लिहिताना ऐंशी पानं लिहील, आणि इथे एक वाक्य पुरं करायला त्याला जड.

अशातच त्याच्या हातून एक चूक झाली. हसवायला म्हणून त्यानं आपल्या जुन्या साहेबांची गोष्ट सांगितली. मोठा आदेश निघायचा असला की तो लिहिणाऱ्यांना सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत बसवतात. फोन पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली दक्षता अधिकाऱ्यांकडे. आदेश बाहेर पडेपर्यंत घरी जायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. साहेब एकदा तीन दिवस बसले आणि दाढी वाढवून बाहेर आले, तर त्यांच्या कुत्र्यानं त्यांना घरात घेतलं नाही. मी खूप हसले. तोही हसला... आणि मध्येच थांबला. जीभ चावली त्यानं. चहाचे पैसे ठेवले आणि गेला. तेव्हा मला कळलं नाही, पैसे कशाचे.

कळलं आमच्या ओळखीच्या आठव्या महिन्यात, एका मंगळवारी. सव्वाचार वाजले, साडेचार, पाच. तो आला नाही. फोन बंद. पहिल्यांदा काळजी वाटली, मग राग आला, आणि मग एकदम आठवलं. पत्र्याची पेटी. सहावा मजला.

बाजारात कोणालाच खबर नव्हती. आदेश पुन्हा वर्षभर पुढे गेला, असंच सगळे धरून चालले होते. सगळ्या शहरात, त्या खोलीबाहेर, बहुधा मला एकटीला माहीत होतं की तो निघतोय. आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं. एका रिकाम्या खुर्चीनं सांगितलं होतं.

बुधवारी सकाळच्या बैठकीत आमच्या साहेबांनी विचारलं, वीज वितरणात काही हालचाल? मी म्हटलं, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. वाक्य खरं होतं, तरी मी ते वहीकडे बघून म्हटलं. दुपारी बाबांचा फोन आला. त्यांच्या आवाजात उत्साह होता. घर बघून आले होते. दोन खोल्या, पुढे गॅलरी, खिडकीतून समोरच एक खांब दिसतो, म्हणाले. बयाणा दोन महिन्यांनी दिला तरी चालेल, पण भाव आत्ता बरा आहे, तर आजच विकून टाकू का निम्मे? तू म्हणशील तसं.

आता बघा. मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्यांच्या मनानं ते विकायला निघाले होते, मी सुचवलंही नव्हतं. पण ते मला विचारत होते आणि मला माहीत होतं. माझं "हो" आता साधं राहिलं नव्हतं. उद्या कोणी मागे वळून पाहिलं, तर त्या "हो"चा माग थेट सहाव्या मजल्यापर्यंत गेला असता, आणि ज्यानं आठ महिने माझ्यासमोर विजेचा 'व' काढला नाही, त्याची नोकरी आणि अब्रू दोन्ही गेली असती.

"बाबा," मी म्हटलं, "या आठवड्यात मला काही विचारू नका."

खांबावर चढण्याआधी लाइनमनला परवानगीचा कागद लागतो, लाइन बंद आहे असं लेखी. त्याला ते लाइन क्लियर म्हणतात. तो हातात नसेल तर माझे बाबा तारेला बोट लावत नसत, मग खाली कोणी कितीही ओरडो.

"लाइन क्लियर नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हात लावत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी कचेरीच्या जिन्यात जाऊन रडले. रुमालही जवळ नव्हता, ओढणीनं भागवलं.

बुधवारी संध्याकाळी आदेश आला. गुरुवारी सकाळी बाजार उघडला, आणि तारांच्या कंपनीचा शेअर पहिल्या पाच मिनिटांत वीस टक्के खाली जाऊन आपटला. त्याखाली एका दिवसात जायची मुभाच नव्हती, म्हणून तिथे थांबला. वीज तयार करणाऱ्या कंपन्या मात्र वर उड्या मारत होत्या. साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, वीज तुझं खातं ना, की आम्ही उगाच पगार देतो? मी ऐकून घेतलं. बाबांच्या गॅलरीचा कठडा, खिडकी, निम्मी भिंत मी घालवली होती. साहेबांचं बोलणं त्यापुढे काहीच नव्हतं.

बाबांना फोन करून मी सगळं सांगितलं. खुर्ची, पेटी, तो, सगळं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "माझा एक जोडीदार, लाइन बंद असेल म्हणून चढला होता. असेल म्हणून." मग एकदम म्हणाले, मुलगा जेवला का विचार, दोन दिवस कोंडून ठेवतात म्हणजे काय.

मी आदेश वाचायला घेतला. चौऱ्याण्णव पानं. बाजारानं पहिलं पान वाचलं होतं, पहिल्या पानावर धाडस जास्त असतं. मी पुढे गेले, आणि एकसष्टाव्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं, वीज कोणीही विकली तरी तारा सांभाळण्याचा मोबदला तारांच्या कंपनीला ठरल्या दरानं, सर्वांच्या आधी मिळेल, कारण वीज विकणारे दहा असले तरी वादळात खांबावर चढणारा एकच असतो. खाली बारीक अक्षरात, हरकत क्रमांक एकशे सत्तेचाळीस ग्राह्य.

ते माझ्या बाबांचं वाक्य होतं. शब्दाला शब्द. त्या आठ महिन्यांत कधीतरी मसुद्यानं ते उचलून सरकारी आदेशात बसवलं होतं आणि माझ्यासमोर बसून रोज कपाचा कान वळवत होता, एका शब्दानं बोलला नव्हता. मी टिपण लिहिलं. कंपनी गिऱ्हाइकं गमावेल, पण तिचं उत्पन्न पक्कं झालंय, बाजारानं घाई केली आहे. साहेबांनी दोनदा वाचलं, एकसष्टावं पान स्वतः उघडून पाहिलं आणि टिपण पाठवलं. पुढच्या आठवड्यात इतरांनीही ते पान उघडलं आणि भाव हळूहळू चढायला लागला. सगळा नाही आला. गॅलरी आली, कठडा राहिला, असं बाबा म्हणतात.

त्या गुरुवारीच सव्वाचारला मी जवळजवळ धावतच दुकानात गेले. तो बसला होता. डोळे खोल गेलेले, गाल खरखरीत. माझ्या ओठांवर एकसष्ट हा आकडा होता. आणि त्यानं मला बघून पहिला प्रश्न काय विचारावा?

"तू... बाबांचे शेअर विकलेस का?"

ना कशी आहेस, ना बस. मी उभीच राहिले. ज्याच्यासाठी बापाचं घर पणाला लावलं, तो मला चोर ठरवून मोकळा! मी म्हटलं, नाही विकले, तुझी झोप उडवून घेऊ नकोस, आणि आल्या पावली परत फिरले. त्यानं हाक मारली. मी वळले नाही. माझा राग म्हणजे दुधासारखा, चढला की पातेल्याबाहेर. पण उतू गेल्यावर शेगडी पुसावी लागते मलाच, हेही खरं. दहा दिवस मी सव्वाचारला जागेवरून उठले नाही, आणि दहाही दिवस खिडकीतून दुकानाकडे बघत होते. तो रोज यायचा. दोन कप मागवायचा.

अकराव्या दिवशी नियामकांकडून पत्र आलं. दक्षता अधिकाऱ्यांनी बोलावलं होतं, वडिलांच्या शेअर खात्याचा उतारा घेऊन. बाबा म्हणाले मीही येतो, माझं खातं आहे. इस्त्रीचा शर्ट घातला त्यांनी. लिफ्ट मात्र नको म्हणाले, आणि सहा मजले चढले, माझ्याआधी.

दक्षता अधिकारी म्हणजे एक बाई होत्या. पांढरे केस, चेहऱ्यावर रेष हलायची नाही. बाजूच्या खुर्चीवर तो बसला होता आणि जमिनीकडे बघत होता. बाईंनी उतारा ओळीओळीनं तपासला. एकही विक्री नाही. त्यांनी बाबांकडे पाहून विचारलं, घर घ्यायचं होतं म्हणता, मग बुधवारी का नाही विकले?

"लाइन क्लियर नव्हती," बाबा म्हणाले.

बाईंना काय समजलं कोण जाणे, पण त्यांनी उताऱ्यावर टिक केली. मग कपाटातून एक फॉर्म काढला. म्हणाल्या, खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला जवळच्या माणसांची माहिती द्यावी लागते. त्यांचे व्यवहार आम्ही तपासतो, तुमचं नाव आहे म्हणून तुम्हाला बोलावलं. तपासणी संपली. फक्त यांच्या फॉर्ममधला एक रकाना आठ महिने अपुरा आहे. मी तीनदा आठवण करून दिली. तेवढा आज निकालात काढा.

फॉर्म त्यांनी माझ्यापुढे सरकवला. माझं नाव, माझी कचेरी, माझ्या वडिलांची कंपनी, सगळं त्याच्या नीटस अक्षरात. पुढे रकाना होता नात्याचा. त्यात लिहिलं होतं:

होणारी पत्नी (तिला अद्याप विचारलेले नाही).

मी खाली तारीख पाहिली. आमच्या दुसऱ्या चहाच्या दुसऱ्या दिवसाची. बशीत चहा सांडला होता, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. मला एकदम सगळं दिसलं. सहाव्या मजल्यावर तो कशाच्या भीतीनं जागा होता, आणि बाहेर आल्यावर तो पहिला प्रश्न का विचारला. मला चोर समजून नव्हे... मी नकळत अडकले तर नाही ना, म्हणून. आणि मी शहाणी, दहा दिवस तोंड फिरवून बसले होते.

"मैत्रीण असं का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"खरं लिहायचं असतं त्यात," तो म्हणाला. "खाली प्रतिज्ञा आहे."

"आणि विचारायला आठ महिने?"

"आदेश निघण्याआधी विचारलं असतं, तर तुझ्या हो-नाहीचा अर्थ लोकांनी भलताच लावला असता." तो उठून उभा राहिला. कान लाल, चष्मा कपाळावर. "आता निघालाय. तर... माझ्याशी लग्न कराल का?"

"कराल? एवढ्या चहांनंतर पुन्हा तुम्ही?"

"घाबरलोय मी," तो म्हणाला. अगदी साधेपणानं म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते फॉर्म डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते, चष्मा घरी विसरलेले. वाचून झाल्यावर तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मी काय सांगू. चढायचं तुला आहे."

मी बाईंकडे पेन मागितलं. त्यांनी समोर धरलं, उजव्या बाजूनं. तेवढ्यात त्यानं ते अलगद घेतलं आणि माझ्या डाव्या हातात दिलं. मी कंसातलं वाक्य एका रेघेनं खोडलं. होणारी पत्नी, एवढंच राहिलं.

"खोडलेल्या ठिकाणी सही लागते," बाई म्हणाल्या. "दोघांची."

आम्ही दोघांनी केली. मी डावरी असल्यामुळे हाताखाली शाई पुसटली. त्यावरही आणखी एक सही करावी लागली.